संगणक ते डॅक : कोणती वायर घ्यावी?

पूर्वी घराघरात टेपरेकॉर्डर असे. आता गाणी, भाषणे, जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेले आवाज हे सारे संगणकात असते. ते मोठ्या स्पीकरवर नीट ऐकता यावे म्हणून काही कुटुंबे ‘डॅक’ नावाची पेटी घेतात. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. त्यांची विद्युत लहर करणे, हे डॅकचे काम. पण ही पेटी संगणकाला जोडावी कशी? येथेच दुकानदाराला आपला खिसा दिसतो.

पहिला मार्ग यूएसबीचा. हे तोंड प्रत्येक संगणकाला असते. आजच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये वेळ सांभाळणारे घड्याळ डॅकचेच असते आणि संगणक त्याच्या मागणीप्रमाणे आकडे पुरवतो. मात्र तांब्याच्या तारेतून संगणकातील खरखर किंवा अर्थिंगची घुमघुम पलीकडे जाऊ शकते.

दुसरा मार्ग ऑप्टिकल. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या या वायरीतून वीज नव्हे, प्रकाश जातो. त्यामुळे घुमघुम येथे अडते. पण ही वायर फार वाकवू नये, आणि तिचे तोंड आजच्या लॅपटॉपवर क्वचितच सापडते.

तिसरा कोएक्सियल. ही ७५ ओहमची विजेची वायर असते. मजबूत खरी, पण घुमघुमीची शक्यता येथेही राहते आणि साध्या संगणकाला हे तोंड बहुधा नसते.

चौथा ब्लूटूथ. वायर नको, ही सोय मोठी. परंतु त्यात आवाज आवळून पाठवला जातो व काही अंश गळतो. भाषण ऐकण्यास पुरेसे. संगीतासाठी वायरच बरी.

आता महागड्या वायरीविषयी. रोजकीर्दीतला आकडा खातेवहीत उतरवताना पेन सोन्याचे असले तरी ५०० चे ५०१ होत नाहीत. आकड्यांच्या वायरीचेही तसेच आहे. वायर सदोष असेल तर आवाज तुटतो, टकटक येते. तो ‘थोडा कमी गोड’ होत नाही. आणि जुन्या कॅसेटमध्ये जे मुळात टिपलेच गेले नाही, ते कोणतीही वायर आणून देऊ शकत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा : डॅकबरोबर आलेल्या साध्या यूएसबी वायरीने सुरुवात करावी. घुमघुम आली तर प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. तेवढ्याने ती थांबली, तर दोष अर्थिंगच्या वाटेचा समजावा. मग सोय असल्यास ऑप्टिकल जोडावी. उरलेले पैसे स्पीकरसाठी ठेवावेत, कारण फरक तेथे खरोखर ऐकू येतो.

तरीही कोणी महागडी वायर गळ्यात मारू लागला, तर परत घेण्याच्या अटीवर ती घरी आणावी. मुलांना सांगावे, की आम्हाला न दाखवता कधी ही लावा, कधी ती. असे वीस वेळा करून उत्तरे कागदावर लिहावीत. निम्म्याच्या आसपास बरोबर आली, तर तो नुसता अंदाज समजावा आणि वायर दुकानात परत करावी.