गुरांचें डॉक्टर व्हावयाचें तर

घरांतला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होणार असें म्हटलें कीं वडीलधाऱ्यांचे चेहरे उजळतात. 'गुरांचा डॉक्टर' होणार म्हटलें कीं तेच चेहरे क्षणभर गोंधळतात. आजोबांना गांवचा सोडून आलेला गोठा आठवतो, आईला शेणानें भरलेले कपडे दिसूं लागतात, आणि काका हळूच विचारतात, "मार्क कमी पडणार वाटतें?" गोठा आणि शेण या गोष्टी खऱ्याच आहेत, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आम्हांस आज लिहावयाचें आहे तें काकांच्या प्रश्नाविषयीं.

प्रथम मार्ग कसा आहे तें पाहूं. परभणी जिल्ह्यांतल्या मुलांस त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील सर्वांत जुनें पशुवैद्यक महाविद्यालय म्हणजे १८८६ सालीं निघालेलें मुंबईचें, परळचें. परभणीचें महाविद्यालय १९७२ मधलें, म्हणजे मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें त्याच सालचें. पुढें २००० सालीं पशु व मत्स्य विज्ञानाचें स्वतंत्र विद्यापीठ नागपुरास झालें, आणि हें महाविद्यालय त्याच्याकडे गेलें. शेजारीं उदगीरलाहि एक आहे. बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय आणि त्यावर 'नीट'ची परीक्षा, एवढी शिदोरी असली कीं प्रवेशाच्या रांगेंत उभें राहतां येतें. शिक्षण एकंदर साडेपांच वर्षांचें. साडेचार वर्षें अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. शेवटीं जी पदवी हातीं येते तिच्या नांवांतच दोन शास्त्रें जोडलेलीं आहेत, पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन. आजारी जनावर बरें करणें आणि धडधाकट जनावर नीट पोसणें, त्याची पैदास सुधारणें, हें सर्व एकाच माणसाला आलें पाहिजे, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेंत रीत निराळी आहे. तेथें बहुतेकांची आधीं चार वर्षांची एक पदवी, आणि तिच्यावर चार वर्षांचें पशुवैद्यक. विद्यार्थी पंचविशी ओलांडतो आणि पुष्कळदा कर्जाचा डोंगर घेऊनच बाहेर पडतो. मग तो खेड्यांतल्या गोठ्यांत कशाला जाईल? शहरांत कुत्र्यामांजरांचा दवाखाना घालून तें कर्ज लवकर फिटतें. म्हणून कांहीं विद्यापीठांनीं दोन्ही पदव्या जोडणारा मार्ग काढला. तीन वर्षें होतांच विद्यार्थ्यास पशुवैद्यकाच्या वर्गांत घ्यावयाचें, आणि त्या वर्गाचें पहिलें वर्ष हेंच आधींच्या पदवीचें चौथें वर्ष धरावयाचें. कॅन्सस संस्थानानें तर २००६ पासून असा करार चालविला आहे कीं, शिकतांना सरकारनें कर्ज द्यावें आणि पदवीनंतर डॉक्टरनें ग्रामीण भागांत काम केल्यास तें माफ व्हावें.

आमच्या मुलांस हें वर्ष वांचविण्याचें कोडें सोडवावें लागतच नाहीं, कारण तीं बारावीहून थेट आंत शिरतात. हा आपला मोठाच फायदा. पण त्याची किंमत आहे, आणि ती घरच्यांच्या ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेंतल्या त्या आधींच्या वर्षांत उमेदवार गोठ्यांत, दवाखान्यांत राबतो, आणि किती तास जनावरांत काढले हें तेथील पुष्कळ महाविद्यालयें प्रवेशाच्या वेळीं विचारतात. आपली 'नीट' असलें कांहीं विचारीत नाहीं. तीच परीक्षा माणसांच्या डॉक्टरांची आणि तीच गुरांच्या डॉक्टरांची! गुण थोडे उणे पडले म्हणजे अर्जाच्या यादींत खालीं उतरत उतरत जो पशुवैद्यकापर्यंत येतो, त्यानें गाईचें दावेंहि कधीं सोडलेलें नसतें. त्यांतले कांहीं पुढें उत्तम निघतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पुष्कळांचें मन साडेपांच वर्षें दुसरीकडेच असतें, आणि पदवी मिळतांच तीं पुण्यामुंबईची वाट धरतात. काकांचा प्रश्न अशा घरांतूनच निघतो, आणि तोच पुढें खरा ठरतो.

आणि काम तर कसें! एकच उदाहरण देतों. म्हैस व्यायला झाली आहे, कळा देते आहे, पण वासरूं येत नाहीं. डॉक्टर हात घालून पाहतो तों गर्भाशयासच पीळ पडलेला. येथें ओढाताण केली तर म्हैस आणि वासरूं दोन्ही जावयाचीं. पीळ ज्या बाजूला असेल त्या कुशीवर म्हैस पाडावयाची, पोटावर फळी ठेवून ती दाबून धरावयाची, आणि पीळाच्याच दिशेनें म्हशीचें अंग झटक्यानें लोळवावयाचें. गर्भाशय फळीखालीं जागच्या जागीं राहतें, अंग फिरतें, आणि पीळ उलगडतो. बाजू ओळखण्यांत चूक झाली तर तो अधिकच घट्ट बसतो. मुलीला हें जमेल का, असें विचारणाऱ्या आमच्या भगिनींस एवढेंच सांगतों कीं यांत जोर गड्यांचा लागतो आणि निदान डॉक्टरचें. दोन वर्षांच्या पदविकेनें हेंच काम पदरीं पडेल, अशीहि कोणी समजूत करून घेऊं नये. १९८४ च्या कायद्यानें पदविकाधारकास राज्य सरकारच्या परवानगीनें व नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीं किरकोळ उपचारच करतां येतात.

परभणी, नांदेड, लातूर या भागांत तर पशुवैद्यापुढें पुस्तकांतल्या जाती दारांत उभ्या असतात. लाल कंधारी आपल्या गर्द तांबड्या रंगावरून लांबूनच ओळखूं येते. देवणीचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार जाणते शेतकरी रंगावरून सांगतात. त्या टिकवावयाच्या तर वळू कोणता निवडावा हेंहि याच डॉक्टरनें सांगावयाचें. देशांतल्या २०१९ च्या पशुगणनेंत गोवंशांतल्या नरांची संख्या आधींच्या गणनेहून तीस टक्क्यांनीं घटलेली दिसली. ट्रॅक्टर आला तेथें बैल जाणार, हें ओघानेंच आलें. पण चांगला वळूहि त्या लोंढ्यांत जाऊं नये. २०२२ मध्यें लम्पीची साथ आली आणि गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हां गांवोगांव लस टोंचणारा हात किती मोलाचा असतो हें सर्वांनीं पाहिलें. शहरांतल्या घरांचा यांत संबंध नाहीं असेंहि नव्हे. गाईच्या सांसर्गिक गर्भपाताचा रोग कच्च्या दुधांतून माणसांत येतो, आणि कासेच्या आजारावर दिलेल्या औषधाचा अंश दुधांत किती दिवस उतरतो हें ठरवून तें दूध तितके दिवस विकूं न देणें, हेंहि याच माणसाचें काम.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, जी परीक्षा 'नीट' घेत नाहीं ती घरानें घ्यावी, आणि अर्ज भरण्यापूर्वीं घ्यावी. मुलास किंवा मुलीस कांहीं आठवडे एखाद्या जाणत्या नातेवाइकाच्या गोठ्यावर ठेवावें, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत डॉक्टरांची परवानगी काढून सकाळीं बसवावें. पहांटे उठून धार, शेणघाण, बैठकीला बसलेल्या गाईला उठविण्याची धडपड, मेलेलें वासरूं, रडवेला शेतकरी, हें सर्व पाहून आल्यावरहि जें मूल 'हेंच करणार' म्हणेल, त्याच्या अर्जांत पशुवैद्यक पहिलें लिहावें, शेवटचें नव्हे. अर्ज मात्र दोन ठिकाणीं करावे लागतात, हें विसरूं नये: पंधरा टक्के जागा अखिल भारतीय वांट्याच्या असतात आणि त्यांची प्रक्रिया भारतीय पशुवैद्यक परिषदेकडून निराळी होते.

ही परीक्षा उन्हाळ्याच्या सुटींत उरकूं नये. त्या दिवसांत म्हशी फारशा वीत नाहींत. पावसाळ्यापासून हिंवाळ्यापर्यंत त्यांचा हंगाम असतो. अकरावीची दिवाळीची सुटी त्याला योग्य.