सर्पगंधा : मागितली म्हणून द्यावी काय?

सर्पगंधेच्या मुळाचा शामक व रक्तदाबशामक गुण १९३१ साली डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी मांडला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी आपला रुग्णानुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातील रिसर्पिन वेगळे करण्यात आले. या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे. परंतु विषण्णतेसारख्या उपद्रवांमुळे हेच रिसर्पिन पुढे मागे पडले, हा इतिहासाचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी एक साठीच्या गृहस्थांना त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणले. उभे राहताच चक्कर येई, नाडी मंद होती, बोलण्यात उत्साह नव्हता. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल चालू होतेच. शिवाय ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी’ म्हणून दुकानातून आणलेली सर्पगंधा घनवटी ते दोन महिने घेत होते. वैद्याचा सल्ला नव्हता, आणि दुकानदारानेही काही विचारले नव्हते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय होत नाही’ एवढेच त्यांना सांगितले गेले होते.

हे वाक्य आपणच समाजात रुजवले आहे. अनिद्रा, उन्माद व उच्च रक्तदाब यांत सर्पगंधा निश्चितच उपयुक्त आहे. परंतु विषण्णता, परिणामशूल, कंपवात, मंद नाडी, गर्भिणी व स्तन्यपान करविणारी माता या ठिकाणी ती वर्ज्य समजावी. रक्तदाबाची अन्य औषधे, डिजॉक्सिन वा मानसरोगावरील औषधे चालू आहेत काय, हे विचारल्याशिवाय ती देऊ नये. तिचा परिणाम हळूहळू दिसतो व औषध थांबविल्यावरही रेंगाळतो. म्हणून गुण दिसेना की मात्रा वाढविण्याची घाई घातक ठरते.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. घनवटीच्या प्रचलित पाठात खुरासानी ओवा व भांगही असते. ही दोन्ही द्रव्ये अनुसूची ई-१ मधील असल्याने, ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकाला वाचून दाखवावी आणि चिठ्ठी नसल्यास त्याला वैद्याकडे पाठवावे. कच्चे मूळ खरेदी करतानाही पारख हवी, कारण त्याच कुळातील अन्य जातींच्या मुळांची भेसळ होते.

एका डबीची विक्री बुडेल. रुग्णाचा विश्वास मात्र टिकेल. औषधात सामर्थ्य आहे असे म्हणावयाचे आणि त्याचे उपद्रव नाकारावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.