बोगनवेलीची बाजू
बोगनवेलीला वास नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींना माझा एकच सवाल : मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 वर गेला, की तुमचे ते लाडके लॉन काय करते हो? टँकरची वाट बघते! आणि ही दक्षिण अमेरिकेची पाहुणी कुंपणावर गुलाबी शालू नेसून बसते. तो रंगसुद्धा पाकळ्यांचा नव्हे, पानांचा. खरे फूल आत, पांढरे, चिमुकले. पाणी फार घाला, वेल नुसती पानांनी माजते. जरा तहानलेली ठेवा, बहरते. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे गवताला पाइप लावणाऱ्यांनी आम्हाला रसिकता शिकवू नये. वासच हवा असेल, तर उदबत्ती लावा!