समजून घ्या : अमेरिकेचा आउटसोर्सिंगवर कर आणि रत्नागिरीतील घरांचा हिशेब

रत्नागिरी : जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी अनेक मुले थेट पुणे, मुंबई, बंगळुरू गाठतात. त्यातील कित्येकांचा पगार अमेरिकी कंपन्यांच्या कामावर चालतो आणि त्याच पगारातून गावच्या घराचे हप्ते फिटतात. म्हणूनच अमेरिकेतील 'हायर' विधेयक इथेही महत्त्वाचे ठरते.

विधेयकात काय आहे?
सिनेटर बर्नी मोरेनो यांनी ते सप्टेंबर २०२५ मध्ये मांडले. अमेरिकी ग्राहकांसाठीचे काम परदेशातून करून घेतल्यास बिलावर २५ टक्के कर लागेल, शिवाय ते बिल खर्च म्हणून वजा करता येणार नाही. २१ टक्के कंपनी कर धरला, तर १०० डॉलरचे बिल वजावटीमुळे कंपनीला प्रत्यक्षात ७९ डॉलरला पडते. विधेयकातील तरतुदींनुसार तेच १२५ डॉलरला पडेल. मात्र कायदा होण्यासाठी दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांची सही लागते.

फायदा कुणाला?
अमेरिकी कंपन्यांचा खर्च वाचतो, काम चोवीस तास चालते. भारतात या उद्योगाने सुमारे ५८ लाख जणांना थेट रोजगार दिला. नॅसकॉमच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये निर्यात सुमारे २२४ अब्ज डॉलर होती.

तोटा कुणाला?
अमेरिकेत कॉल सेंटर, बॅक ऑफिसमधील नोकऱ्या जातात. आपल्याकडे रात्रपाळी वाट्याला येते आणि एकाच देशावर मदार राहते. त्यात एआयची भर. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले होते.

रत्नागिरीचे काय?
पगार गावी येतो, माणूस येत नाही. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाख होती, २०११ मध्ये ती १६.१५ लाखांवर आली. याला एकटे आयटी कारण नाही. मुंबईची वाट जुनीच आहे. पण आउटसोर्सिंगने ती वाट मोडली नाही, पुण्यापर्यंत वाढवली.

पुढे काय?
जे काम समुद्र ओलांडून पुण्यात येऊ शकते, ते घाट उतरून रत्नागिरीतही येऊ शकते. त्यासाठी अखंड वीज, भरवशाचे इंटरनेट आणि कंपन्यांची तयारी हवी. तोवर वॉशिंग्टनमधील मतदानाचा धसका इथल्या ओटीवरही राहील.