आपला क्लब, त्यांचा कागद

एक कोडं घालतो. २०१४ मध्ये पुण्यात जन्म, २०१९ मध्ये बिऱ्हाड हैदराबादला, २०२५ मध्ये दिल्लीला. ओळखा कोण? बदलीवर फिरणारे बँकेतले साहेब वाटले ना? नाही. ही इंडियन सुपर लीगमधली, म्हणजे आयएसएलमधली एक जागा आहे. आधी एफसी पुणे सिटी, मग हैदराबाद एफसी, आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली. त्यातली आणखी गंमत ऐका. दिल्लीला स्वतःचा क्लब होताच, दिल्ली डायनामोज. तो २०१९ मध्येच उचलून भुवनेश्वरला नेला आणि त्याचा ओडिशा एफसी झाला. संगीत खुर्चीत निदान गाणं तरी वाजतं.

पुण्यापाशी जरा थांबू. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असाल आणि काहींच्या कपाटात ती केशरी जर्सी अजूनही असेल. २०१७-१८ च्या हंगामात मार्सेलिन्हो आणि अल्फारोच्या जोरावर पुणे सिटी पहिल्यांदा सेमीफायनलला पोचली. बालेवाडीत बेंगळुरूविरुद्ध ०-०, मग त्यांच्या मैदानात छेत्रीची हॅट्‌ट्रिक आणि खेळ खल्लास. वाईट वाटलं, पण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता येत होतं. फॅन हा प्राणी या ‘पुढच्या वर्षी’वरच तर जगतो. दीड वर्षात ते पुढचं वर्षच काढून घेतलं गेलं. मालकांना पैशांची चणचण, आणि २०१९ च्या हंगामात पुण्याच्या जागी हैदराबाद. ‘ऑरेंज आर्मी’ म्हणून स्टँडमध्ये घसा फोडणाऱ्या पोरापोरींना कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही आपल्याकडे.

त्याहून वाईट म्हणजे पुण्याला याची सवय झाली होती. आय-लीगमध्ये २०१२-१३ साली दुसरा आलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये. पुणे सिटी २०१९ मध्ये. दर दोन वर्षांनी एक, जणू टाइमटेबल लावलं होतं! मुंबईत महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच गुंडाळला. गोव्यात देशाचा पाच वेळा विजेता असलेला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांचं भांडण निराळं होतं, लीगची नवी रचना त्यांना मान्य नव्हती. पण गॅलरीत बसणाऱ्याच्या हाती शेवटी तेच आलं, रिकामा रविवार.

आता मुंबईकर म्हणतील, आमचं बरं चाललंय. खरंच बरं चाललं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचे ६५ टक्के शेअर घेतले. त्यानंतर २०२०-२१ मध्ये लीग शिल्ड आणि ट्रॉफी दोन्ही, २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड, २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ हरवून पुन्हा ट्रॉफी. अंधेरीच्या स्टँडमधून बघणाऱ्याला आणखी काय हवं? आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये एक निवेदन आलं. लीगच्या भवितव्याची खात्री नाही, सबब आम्ही निघतो, शेअर पुन्हा जुन्या मालकांकडे. सहा वर्षांचा संसार एका निवेदनात आटोपला.

यात फक्त मालकांना शिव्या घालणं सोपं आहे, पण थोडं त्यांच्या बाजूनंही बघा. भारतात क्लब चालवणं म्हणजे वर्षानुवर्षं खिशातून पैसे ओतणं. त्यात फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही वेळेत नवा करार झाला नाही. हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. वर्षभर अभ्यास न करता परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स शोधणारे आपण, आणि देशाचा फुटबॉल चालवणारेही त्याच जातकुळीचे निघाले. अशा वेळी एखादा मालक हिशेब करून निघून गेला, तर त्याला फितूर म्हणता येणार नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. मालकाला निघून जाता येतं. खेळाडू दुसरीकडे सही करतो, कोचला नवी नोकरी मिळते. फॅन कुठे जाणार? ‘आजपासून मी हैदराबादचा’ असं म्हणून बघा, जिभेवर येत नाही. या सगळ्या कारभारात ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही, नेमक्या त्याच माणसाला कागदावर कसलाही हक्क नाही. तिकीट घेतलं, जर्सी घेतली, पावती मिळाली, विषय संपला. मॉलमधल्या गिऱ्हाइकात आणि आपल्यात कायद्यानं काही फरक नाही.

आणि आपला राग कुठे जातो, तेही पाहा. टीम तीन मॅच हरली की कमेंट्समध्ये ‘कोच आउट’. कोचचा बळी दिला की वरचे लोक महिना-दोन महिने निवांत. केरळा ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’नं ही खेळी ओळखली. डिसेंबर २०२४ मध्ये टीमचे हाल सुरू असताना त्यांनी बोट थेट मॅनेजमेंटकडे दाखवलं. तिकीटविक्रीत हात घालणार नाही, स्टेडियममध्ये निषेध करणार, असं जाहीर केलं. त्याच महिन्यात कोचला काढलं गेलं, पण तक्रार कोचपुरती नव्हतीच.

तुमच्यातले निम्मे लोक मँचेस्टर युनायटेडचे, त्यामुळे हे तुम्हाला नवीन नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं तो क्लब घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा टाकला क्लबवरच. समजा, कुणीतरी तुमचं राहतं घर विकत घेतलं, त्यासाठी त्याच घरावर कर्ज काढलं आणि हप्ते भरायला तुम्हालाच सांगितलं. ओल्ड ट्रॅफर्डवर २०१० पासून दिसणारे हिरवे-सोनेरी स्कार्फ त्या रागाचे आहेत, ते क्लबच्या जुन्या न्यूटन हीथ काळातले रंग. २ मे २०२१ ला तर लोक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. त्याच्या दोन आठवडे आधी सुपर लीगचं खूळ फॅन्सनी दोन-तीन दिवसांत मोडून काढलं होतं. ग्लेझर मात्र आजही बहुसंख्य मालक आहेत. नुसत्या आरडाओरड्यानं एखादा निर्णय मागे घ्यायला लावता येतो, मालकी हलत नाही, एवढं त्यातून दिसतं.

मग मालकी कशी हलते? जर्मनीत ‘५० अधिक १’ नावाचा नियम आहे. काही अपवाद सोडले तर क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहतात, पैसेवाला कितीही मोठा असो. २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तर फॅन्सनी मॅच चालू असताना मैदानात टेनिसचे चेंडू फेकले. दर शनिवारी खेळ थांबायचा, चेंडू गोळा व्हायचे, पुन्हा सुरू. फेब्रुवारीत लीगनं तो बेत सोडून दिला. पण सभासदांची मालकी आली की सगळं आलबेल, असं समजू नका. बार्सिलोनाही सभासदांचाच क्लब आहे. त्यांच्याच मतांवर निवडून आलेल्यांनी कर्जाचा असा डोंगर केला, की २०२१ मध्ये मेस्सीला रडत रडत निरोप घ्यावा लागला.

पुण्याशी सगळ्यात जुळणारी गोष्ट विम्बल्डनची. २००२ मध्ये मालकांनी तो क्लब लंडनहून सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं आणि परवानगीही मिळाली. फॅन्सनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला एका सार्वजनिक मैदानावर ट्रायल ठेवली, कुणीही या. अगदी खालच्या लीगमधून सुरुवात करून २०११ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांत, ते फुटबॉल लीगमध्ये पोचले. इंग्लंडनं २०२५ मध्ये कायदाच केला. आता तिथे क्लबचा बिल्ला किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे, तर बहुसंख्य फॅन्सचा पाठिंबा दाखवावा लागेल आणि घरचं मैदान विकायचं-सोडायचं तर स्वतंत्र नियामकाची परवानगी लागेल.

‘ते इंग्लंड-जर्मनी आहे भाऊ, इथे कोण ऐकतंय?’ हे वाक्य तुमच्या तोंडावर आलं असेलच. मग कोलकात्याला चला. २०२० मध्ये मोहन बागान आणि एटीके एकत्र झाले. १८८९ चा क्लब, १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्यांना हरवलेला, आणि त्याच्या नावापुढे सहा वर्षांच्या फ्रँचायझीची तीन अक्षरं चिकटली. टीम जिंकत होती, पैसा होता. तरीही फॅन्स ‘रिमूव्ह एटीके’ म्हणून अडून बसले. बॅनर, मोर्चे, बहिष्कार, सगळं झालं. ‘जिंकतोय ना, मग नावात काय आहे?’ असं त्यांनाही लोकांनी ऐकवलंच. १८ मार्च २०२३ ला फातोर्ड्यात टीमनं आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी जाहीर केलं, एटीके जाणार. नंतर मागे ‘सुपर जायंट’ लागलं ते लागलंच, पण पुढे मोहन बागान राहिलं.

शेजारच्या ईस्ट बंगालचं उदाहरण तेवढं गोड नाही. जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदाराशी करार करावा की नाही, यावरून फॅन्सचेच दोन गट क्लबबाहेर भिडले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. फॅन्स म्हणजे एकजिनसी माणूस नव्हे. म्हणूनच त्यांचं मत मोजायची काहीतरी व्यवस्था लागते. नाहीतर ज्याचा आवाज मोठा तो ‘जनता’ होतो.

खरं तर आपल्याकडे याचं घरचं उदाहरण आहे. कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पेठेतल्या तालमी आणि मंडळं हेच क्लब. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठच्या पेठ लोटते. तिथे हुल्लडबाजी होते, पैशाची ओढाताण असते, वर्गणी आणि पुढाऱ्यांच्या देणग्यांवर बरंच काही चालतं, व्यावसायिक लीगचा खर्च त्यात निघणार नाही हे मान्य. पण पाटाकडीलला उचलून भुवनेश्वरला नेऊन दाखवा बरं! कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही.

म्हणून आत्ता, लीगचे सगळे कागद नव्यानं लिहायची वेळ आलेली असताना, मागायचं ते साधं आहे. शहर, नाव किंवा रंग बदलायचा असेल तर नोंदणी केलेल्या फॅन्सचं मतदान घ्या. क्लबच्या बैठकीत त्यांनी निवडून दिलेले एक-दोन प्रतिनिधी बसवा. पगार थकले असतील, मालक जाणार असेल, तर ते आम्हाला बातमीतून कळू नये. या अटी क्लबला मिळणाऱ्या लायसन्समध्येच घालता येतात. त्यासाठी मालकाचा एक रुपयाही खर्च होणार नाही. हे लायसन्स फेडरेशन देतं, तेव्हा पत्र तिथे जायला हवं, कोचच्या इन्स्टाग्रामवर नव्हे.

पण नोंदणी केलेले फॅन्स म्हणायचे, तर आधी नोंदणी हवी. मुंबईत ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. प्रत्येक कॉलेजात फुटबॉल टीम असते, तिच्या मागे उभं राहणारा घोळका असतो, फक्त त्याची यादी कुणी केलेली नसते. अंधेरीचं स्टेडियम तसं लहान, काही हजारांचं. पुढच्या घरच्या मॅचला गेटवर चार जण वही घेऊन बसले आणि नाव, फोन, कुठल्या वर्षापासून येताय एवढं लिहून घेतलं, तर दोन-तीन मॅचमध्ये काम होईल. अशी वही २०१९ मध्ये बालेवाडीत कुणाकडेही नव्हती.