रक्ताचा अहवाल आणि आजीची वही

नातवाला आकडी येते, रक्ताचे अहवाल मात्र ‘नॉर्मल’ येतात. मग आजार सौम्य समजावा का आणि औषध थांबवावे का, असे आजी-आजोबा वारंवार विचारतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : थांबवू नये. अपस्माराचे औषध एकाएकी बंद केल्यास आकड्या परततात, क्वचित एकामागून एक येऊ लागतात.

पहिल्या आकडीनंतर रक्तातील साखर, सोडियम, कॅल्शियम तपासतात, ते यांपैकी काही घटल्यामुळे ती आली का, हे पाहण्यासाठी. अहवाल नॉर्मल म्हणजे तेवढे कारण वगळले गेले. आजाराची तीव्रता त्यावरून कळत नाही.

ती कळावी म्हणून संशोधक रक्तात खुणा शोधत आहेत. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतील काही द्रव्ये रक्तात झिरपतात. न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज हे त्यांपैकीच एक. लांबलेल्या आकडीनंतर ते वाढलेले आढळू शकते. अडचण अशी की, हेच द्रव्य तांबड्या पेशींतही असते. हात झटकणाऱ्या लहानग्याचे रक्त काढताना त्या पेशी फुटल्या, तर आकडा उगाच फुगतो. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मोठ्या आकडीनंतर 10 ते 20 मिनिटांत वाढलेले दिसते आणि पुढे उतरते; तोवर आपण रिक्षातच असतो! शिवाय त्यावरूनही तीव्रता ठरत नाही. औषधाची रक्तातील पातळी मात्र उपयोगी पडते : फेनिटॉइनची मात्रा कमी पडते की अधिक होते, हे तिच्यावरून समजते.

तीव्रतेचा अंदाज डॉक्टर बांधतात तो मुख्यतः आकड्या किती वेळा येतात, किती टिकतात, औषधाला किती दाद देतात यावरून. योग्य निवडलेली 2 औषधे पुरेशा मात्रेत देऊनही त्या थांबल्या नाहीत, तर पुढील उपचारांचा विचार करावा लागतो. हे सारे घरातच पाहिले जाते. म्हणून एक वही ठेवावी. तारीख, वेळ, सुरुवात कशी झाली, मान कोणत्या बाजूला वळली, ताप किंवा जागरण होते का, गोळी चुकली होती का, हे त्याच दिवशी लिहावे. कोणी मोबाइलवर चित्रण केले तर उत्तमच.

कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. 5 मिनिटे उलटूनही आकडी थांबली नाही, तर तडक रुग्णालय गाठावे. वही सोबत घ्यावी.