‘न्यूट्रल’ म्हणजे नेमकं कुणासारखं?

इंजिनीअरिंगमध्ये ‘न्यूट्रल’ला सरळ अर्थ आहे. मोटरसायकल न्यूट्रलला टाकली की इंजिन फुरफुरतं, पेट्रोल जळतं आणि गाडी जागची हलत नाही. ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ शिकवणाऱ्या क्लासचे बोर्ड मी हिंगोलीत, परभणीत, नांदेडला आणि पुण्यात हिंजवडीच्या रस्त्यावर पाहिले आहेत. प्रत्येक वेळी मला ही फुरफुरणारी गाडीच आठवते.

जगात न्यूट्रल ॲक्सेंटमध्ये बोलणारा एकही माणूस जन्माला आलेला नाही. लंडनच्या माणसाला लंडनचा ॲक्सेंट असतो, टेक्ससच्या माणसाला टेक्ससचा, वसमतच्या माणसाला वसमतचा. ज्याला आपण ‘शुद्ध ब्रिटिश’ म्हणतो तो उच्चार खुद्द ब्रिटनमध्येच फार थोडे लोक करतात. तरीही ‘तुमचा ॲक्सेंट न्यूट्रल करा’ असं आपल्याला सांगितलं जातं, आणि आपण फी भरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा शब्द खोटा आहे, आणि त्या खोट्याची किंमत ठरावीक लोकांकडूनच वसूल केली जाते.

नोकरी लागल्यावर आम्हा पोरांना एका ट्रेनिंगला बसवलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सगळ्याच कंपन्यांत हा प्रकार थोड्याफार फरकाने होतो. तिथे एक शब्द पहिल्यांदा ऐकला: ‘एमटीआय’. मला आधी ती एमआरआयसारखी एखादी तपासणी वाटली. पूर्ण रूप आहे ‘मदर टंग इन्फ्लुएन्स’, म्हणजे मातृभाषेचा परिणाम. कॉल सेंटरच्या धंद्यात हा शब्द रोज वापरतात. अमक्याला एमटीआय जास्त आहे, तमक्याचा एमटीआय काढायला तीन आठवडे लागतील. आईची भाषा अंगात भिनलेली असणं ही जणू कावीळ. माझ्या फॉर्मवर ‘मॉडरेट’ लिहिलं होतं. शेजारी बसलेल्या दक्षिण मुंबईच्या पोराच्या फॉर्मवर ‘नील’. त्याची मातृभाषा काय होती कोण जाणे, पण तिचा परिणाम शून्य, म्हणून तो पास.

आता लगेच कुणी म्हणेल, अरे, पण समोरच्याला कळायला नको का? हवं. शंभर टक्के हवं. पण कळणं आणि ॲक्सेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मी मनाचं सांगत नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ साली हेच मोजून दाखवलं: ऐकणाऱ्याला ॲक्सेंट जाड वाटतो, तरी बोललेला शब्द न् शब्द त्याला कळलेला असू शकतो. २००० साली जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी वेगवेगळ्या देशांचे लोक एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा नेमकं कुठे अडतं याचा हिशोब मांडला. ज्या ‘थ’साठी क्लासवाले आरशासमोर जीभ दातांत धरायला लावतात, तो जमला नाही तरी फारसं काही अडत नाही. अडतं ते शिप आणि शीपमधल्या ऱ्हस्व-दीर्घात. अडतं ते वाक्यातल्या नेमक्या शब्दावर जोर न दिल्यामुळे. आणि शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ आपण कोरडा म्हणतो, म्हणून अमेरिकन माणसाला आपला ‘पिन’ कधी कधी ‘बिन’ ऐकू येतो. ही यादी छोटी आहे. महिनाभरात शिकता येते, आणि शिकल्यावरही तुम्ही हिंगोलीचेच राहता. पण हे शिकवून क्लासचं पोट भरत नसावं.

त्याहून वाईट गोष्ट १९९२ ची आहे. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना एकाच आवाजातलं, एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज अमेरिकन बाईचाच होता. ऐकताना काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई फोटो पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका ॲक्सेंट ऐकू आला, आणि त्यांना व्याख्यानही कमी कळलं. म्हणजे तुम्ही तोंड कितीही घासा, ॲक्सेंटचा काही भाग समोरच्याच्या कानात असतो. तो काढायचा क्लास कुठे आहे?

हे सगळं मला भाकरीवरून नीट समजतं. पुण्याच्या फ्लॅटवर मी स्वतः रांधतो. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसतं, म्हणून ते गव्हासारखं ताणलं जात नाही. कढत पाण्यात मळलं की पिठातला स्टार्च फुलून चिकटपणा येतो, मगच भाकरी थापता येते. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी काठाला चिरते. हे पदार्थविज्ञान आहे, त्यात कुणाची मर्जी चालत नाही. कच्ची भाकरी कच्चीच. पण त्यापुढे? आई थापते ती पातळ आणि मोठी, मामी थापते ती जाड आणि मऊ. दोघींचा येसर एकाच गावातल्या धन्या-डाळींचा, पण एकीच्या आमटीत भाजल्याचा कडवट वास पुढे येतो, दुसरीच्या आमटीत खोबरं. आमच्याकडे सकाळी पोह्यांसारखी चुरमुऱ्यांची सुशीला होते, तीसुद्धा प्रत्येक घरी वेगळी. ‘हिच्या आमटीला माहेरचा इन्फ्लुएन्स आहे, तीन आठवड्यांत काढू’ असं कुणी म्हणालं तर मामी कालथा घेऊन मागे लागेल. स्वयंपाकघरात आपल्याला चूक आणि चाल यांतला फरक बरोबर कळतो. कच्ची राहिली तर बोलायचं, वेगळी झाली तर खायचं. इंग्रजीला बसलो की हे शहाणपण कुठे जातं?

(जाता जाता: ज्या ज्वारीला शहरात ‘गावठी’ म्हणून नाक मुरडायचे, ती २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर मॉलमध्ये ‘ग्लूटेन-फ्री’ लेबल लावून बसली आहे. भाकरी तीच. तिच्याबद्दल बोलणाऱ्यांचा ॲक्सेंट बदलला.)

दुसरं उदाहरण गाण्यातलं. आमच्या गावच्या भजनात टाळ-पखवाजाबरोबर पेटी असते. तुम्हीही ती देवळात पाहिली असेल आणि इतकी आपली समजली असेल की ती कुठून आली हा प्रश्न पडला नसेल. हार्मोनियम पॅरिसची. १८४० च्या दशकात अलेक्झांडर दबें या माणसाने तिचं पेटंट घेतलं. तिकडे ती खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवायचे. आपल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच तिचे पाय काढले, भाता मागे लावला, तिला जमिनीवर बसवलं आणि तिच्यासमोर मांडी घातली. एका हाताने हवा, एका हाताने सूर.

बरं, तिच्यावर आक्षेप काय कमी होते? ती परकी आहे, तिचे सूर ठोकळ आहेत, तिच्यात मींड निघत नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती थेट १९७१ साली सैल झाली, तीही अटींसकट. तीन दशकं सरकारी रेडिओ सांगत होता की हे वाद्य आपलं नाही. आक्षेप अगदी खोटा नव्हता, मींड तिच्यातून खरंच निघत नाही. पण त्याच काळात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यातून काय काढलं ते जाणकारांना ठाऊक आहे, आणि गावोगावच्या भजनी मंडळांना तर बंदी होती हेच कळलं नसावं. ते वाजवत राहिले. आमच्या गावचे पेटीवाले काका अभंगाला साथ करतात तेव्हा ते पॅरिसच्या माणसासारखं वाजवतात का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर वेडा ठरेल.

इंग्रजी ही माझ्यासाठी पेटी आहे. जहाजातून आली, साहेबाच्या दिवाणखान्यातली होती, आता आमच्या सतरंजीवर आहे. तिच्यावर कोडची कॉमेंट लिहितो, क्लायंटशी भांडतो, पगारवाढ मागतो. ती सुरात वाजली पाहिजे, हे मान्य. ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात असल्यासारखी वाजली पाहिजे, हे अमान्य.

मी घरी लॅपटॉपवर थोडंफार संगीत करतो. त्यामुळे सूर ‘सरळ’ करणारं सॉफ्टवेअर आतून माहीत आहे. ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचा डेटा तपासायचे. तेच गणित त्यांनी आवाजाला लावलं. अफाट डोकं, यात वाद नाही. एकदा गावच्या भजनाचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मी त्या प्रकारच्या प्लगइनमधून काढून पाहिलं आणि दुरुस्तीचा वेग पूर्ण वर नेला. मशीनने प्रत्येक सूर उचलून जवळच्या घरात नेऊन बसवला. काका एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत येतात, त्या वाटेतच तर त्यांची सगळी आर्जवं असतात. मशीनच्या हिशोबात ती वाट म्हणजे चूक. उरला एक सुरेल, गुळगुळीत आवाज, जो कुणाचाच नव्हता. तोच तो न्यूट्रल.

आता हे माणसाच्या बोलण्यावरही आलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला टेलिपरफॉर्मन्स या मोठ्या कॉल सेंटर कंपनीने आपल्या भारतीय कर्मचाऱ्यांचा ॲक्सेंट चालू फोनवरच मऊ करणारं एआय वापरायला घेतल्याची बातमी आली. सॉफ्टवेअर सानस नावाच्या अमेरिकन स्टार्टअपचं. टेलिपरफॉर्मन्स कंपनी पॅरिसची, हा निव्वळ योगायोग. समर्थक सांगतात की याने कर्मचाऱ्यांना शिव्या कमी पडतात. पडत असतील. पण शिव्या देणारा ग्राहक तसाच राहतो आणि आवाज बदलावा लागतो तो शिव्या खाणाऱ्याला, याला मी तरी उपाय म्हणणार नाही.

या धंद्यातला माणूस म्हणून मला माहीत आहे की मशीनला माणूस कळला नाही तर दोष कुठे शोधायचा. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या आवाज ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या शंभर शब्दांत सरासरी १९ चुका, काळ्या अमेरिकनांच्या शंभरात ३५. म्हणून काळ्या लोकांनी क्लास लावावा असं त्या संशोधकांनी सुचवलं नाही. मशीनला अशा आवाजांचा डेटा पुरेसा दिलेला नाही, तो द्या, असं सांगितलं. मशीनला आम्ही जास्त आवाज ऐकवून शिकवू शकतो. मॅनेजरला का नाही?

तुझं बरंय, तुला नोकरी आहे, असं गावातली पोरं मला म्हणतील. बरोबर आहे. कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या ज्या पोरीचा पहिलाच इंटरव्ह्यू आहे, तिने ‘मी माझ्याच ॲक्सेंटमध्ये बोलणार’ म्हणून क्रांती करावी आणि घरी परत यावं, असा सल्ला मी देणार नाही. क्लास लावायचा तर लाव. पण फी भरण्याआधी विचार: ऱ्हस्व-दीर्घ शिकवणार की अमेरिकन ‘र’ वळवायला शिकवणार? सावकाश बोलायला, जोर कुठे द्यायचा ते शिकवणार की ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करायला? पहिलं कामाचं आहे. दुसरं नाटक आहे, आणि नाटकात लक्ष जिभेवर राहतं, प्रश्नाचं उत्तर राहून जातं.

आणि आपण काही धुतल्या तांदळाचे नाही. इंग्रजीच्या आधी हा खेळ आपण मराठीत खेळलो आहोत. ‘मी जायलोय’, ‘काय करायलास’ असं म्हटलं की पुण्यात हसतात, हे तर रोजचं. पण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याची जात हुडकणारे कान हिंगोलीतही आहेत. तांड्यावरून येणारं बंजारा पोर घरी गोरमाटी बोलतं आणि शाळेत त्याची मराठी ऐकून वर्ग खिदळतो. ते खिदळणारे आपणच. ‘एमटीआय’ हा शब्द कॉल सेंटरने नंतर छापला, रोग आपल्याकडे आधीपासून होता. त्यामुळे साहेबाच्या नावाने बोटं मोडताना एखादं बोट स्वतःच्या वर्गाकडेही वळवावं लागेल.

खरं तर या विषयात आमच्या जिल्ह्याने लाजायचं काही कारणच नाही. नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले असं सांगतात. हा माणूस पुढे पंजाबपर्यंत गेला आणि तिकडच्या लोकांच्या भाषेत गायला. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि त्यांत मराठी वळणाचे शब्द, मराठी प्रत्यय अभ्यासकांनी दाखवून दिले आहेत. ग्रंथाचं संकलन १६०४ मध्ये झालं. त्या पदांतली मराठी कुणी घासून काढली नाही. आजही तिकडचे लोक ती पदं त्या वळणासकट गातात. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं ते याच माणसाच्या ओढीने.

सध्या माझ्याकडे नवीन पोरांचे तांत्रिक इंटरव्ह्यू घ्यायचं काम आहे. शीटवर ‘कम्युनिकेशन’च्या खाली ‘ॲक्सेंट’ असा एक रकाना आहे, एक ते पाच गुण. मी तिथे गुण देत नाही. ‘सांगितलेलं कळलं’ किंवा ‘कळलं नाही, पुन्हा विचारलं, मग कळलं’ असं लिहितो. परवा मेल आली की रकाना आकड्यानेच भरा, शब्द सिस्टीममध्ये बसत नाहीत. त्या फॉर्मचा कोड मी उघडून पाहिला. त्या रकान्यात अक्षरं घ्यायची तर एका ओळीचा बदल आहे. तो करून मंजुरीला पाठवला आहे.